शब्दाच्या पोटातलं चित्र: इंग्रजी शब्दांची मुळं आणि रूपकं कशी उलगडायची

बुबुळाच्या मधोमध जो काळा गोल असतो त्याला इंग्रजीत 'प्युपिल' म्हणतात. विद्यार्थ्यालाही 'प्युपिल'च म्हणतात. मी कित्येक वर्षं हे दोन वेगळे शब्द आहेत, योगायोगाने सारखे दिसतात, असं धरून चालले होते. मग एकदा कोशात त्याची व्युत्पत्ती वाचली. लॅटिनमध्ये 'पूपा' म्हणजे मुलगी किंवा बाहुली, आणि 'पूपिल्ला' म्हणजे एवढीशी बाहुली. कुणाच्या डोळ्यात अगदी जवळून पाहिलं की त्या काळ्या गोलात आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते, म्हणून त्या गोलाला बाहुली म्हटलं गेलं. पालकाच्या ताब्यात असलेल्या अनाथ मुलालाही लॅटिनमध्ये याच घरातला शब्द होता. तो पुढे शिक्षकाच्या हाताखालच्या मुलासाठी आला.

हे वाचून मी थबकले, कारण आपणही तिला डोळ्यातली बाहुलीच म्हणतो. संस्कृतात ती कनीनिका, म्हणजे पुन्हा लहान मुलगीच.

त्या दिवसापासून मी इंग्रजी शब्द पाठ करणं सोडलं आणि त्यांच्या पोटातलं चित्र शोधायला लागले. माझं ठाम मत असं, की मराठी वाचकाला हे काम इंग्रजी वाचकाइतकंच, कधीकधी जास्त सोपं जातं. संस्कृतातून आलेली मुळं आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत, आणि इंग्रजांनी जी चित्रं काढली त्यातली बरीच मराठीनेही आपल्या पद्धतीने काढलेली आहेत. फक्त ती शेजारी शेजारी ठेवून पाहायची सवय हवी. ती सवय कशी लावायची, ते पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी: शब्द वाक्यासकट उचला

नुसता शब्द वहीत लिहू नका. जिथे भेटला ते अख्खं वाक्य लिहा आणि कोश उघडण्याआधी आपल्याला काय अर्थ वाटतो तोही लिहा. चुकला तरी चालेल. पुढे मूळ सापडल्यावर आपला अंदाज कुठे घसरला ते कळतं, आणि तेच लक्षात राहतं.

दुसरी पायरी: शब्द कोणत्या थरातला आहे ते ओळखा

इंग्रजी भाषा थराथरांनी साचलेली आहे. सर्वांत खालचा थर पाचव्या शतकापासून ब्रिटनमध्ये आलेल्या अँगल आणि सॅक्सन टोळ्यांचा. त्यावर आठव्या शतकाच्या अखेरीपासून येऊ लागलेल्या व्हायकिंगांचा. मग 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबार, न्यायालय आणि जमीनदार वर्गात फ्रेंच चालली. सोळाव्या-सतराव्या शतकात विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीकमधून थेट शब्द उचलले. त्यानंतर जगभरातून आलेले शब्द वेगळेच.

थर ओळखायच्या ढोबळ खुणा आहेत. छोटे, घरातले, शरीराचे, शेताचे शब्द बहुतेक तळातले: हँड, आय (डोळा), लँड, नाइट (रात्र), नी (गुडघा). स्पेलिंगमध्ये न उच्चारलं जाणारं 'जीएच' किंवा सुरुवातीचं मुकं 'के' दिसलं की तळातला शब्द समजा. ती अक्षरं एके काळी बोलली जात होती. 'स्क' ने सुरू होणारे स्काय, स्किन, स्कर्ट हे व्हायकिंगांकडून आले. न्याय, राज्यकारभार, मानमरातब यांचे शब्द फ्रेंच थरातले: कोर्ट, जज, गव्हर्नमेंट. लांबलचक, 'शन'ने संपणारे शब्द बहुधा लॅटिन. 'पीएच'चा फ, 'सीएच'चा क, सुरुवातीचं मुकं 'पी' असलं की ग्रीक: फिलॉसॉफी, कोरस, सायकॉलॉजी.

आपल्याला हा प्रकार नवा नाही. पान आणि पर्ण, काम आणि कर्म, घर आणि गृह या जोड्या आपण जन्मापासून वापरतो, आणि कुठे पान म्हणायचं, कुठे पर्ण, हे कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीत 'आस्क' तळातला, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आलेला, 'इंटरॉगेट' थेट लॅटिनमधला. पहिला घरात चालतो, तिसरा पोलीस ठाण्यात. थर कळला की शब्दाचा वजनदारपणा आपोआप कळतो. एखादं इंग्रजी पत्र उगाच जड वाटत असेल तर त्यात तिसऱ्या थराचे शब्द मोजून पाहा.

गोठ्यातली 'काउ' आणि ताटातलं 'बीफ' ही जोडी तर प्रसिद्धच आहे. जनावर सांभाळणारे इंग्रजी बोलत आणि खाणारे फ्रेंच, म्हणून दोन शब्द टिकले, असं त्याचं स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. मला त्याहून मजेची वाटते ती पुढची गोष्ट: हे दोन्ही शब्द मागे मागे नेले तर एकाच मुळाला पोचतात, आणि आपला 'गो' शब्दही त्याच मुळाचा आहे.

तिसरी पायरी: सांधे सुटे करा

लॅटिन आणि ग्रीक थरातले शब्द सांधलेले असतात. पुढचा उपसर्ग, मधला धातू, मागचा प्रत्यय. आपण संस्कृतात 'हार' या एका शब्दातून प्रहार, आहार, विहार, संहार करतो तसंच. मधला धातू पकडला की अख्खं कुटुंब हाती लागतं.

एक धातू जवळून पाहू. लॅटिन 'प्लिकारे', म्हणजे घडी घालणं. 'कॉम्प्लिकेटेड' म्हणजे एकात एक घड्या पडलेलं. 'सिंपल' म्हणजे एकपदरी. 'ड्युप्लिकेट' दुपदरी. 'इम्प्लिसिट' म्हणजे घडीच्या आत राहिलेलं आणि 'एक्स्प्लिसिट' म्हणजे घडी मोडून बाहेर दाखवलेलं. 'रिप्लाय' म्हणजे घडी उलट परतवणं. 'डिस्प्ले' म्हणजे घडी पसरून मांडणं. आता मराठी बघा. 'जरा उलगडून सांग' म्हणतो तेव्हा आपण काय म्हणत असतो? घडी केलेलं लुगडं उलगडावं तसा मुद्दा उलगड. एक्स्प्लिसिट या शब्दाला उलगडलेलं म्हणून पाहिलं, की इम्प्लिसिट आणि एक्स्प्लिसिट यांच्यात पुन्हा कधी गोंधळ होत नाही.

दुसरा धातू तर आपल्या रोजच्या तक्रारीतला आहे. 'टेन्शन' हा शब्द लॅटिन 'टेंडेरे' म्हणजे ताणणे यातून आला. त्याचं मूळ आणि संस्कृत 'तन्' धातूचं मूळ एकच. म्हणजे 'टेन्शन आलंय' आणि 'ताण आलाय' ही दोन वाक्यं अर्थाने तर एक आहेतच, मुळानेही एकच आहेत. मग 'अटेन्शन' म्हणजे एखाद्या गोष्टीकडे मन ताणून नेणं. 'एक्स्टेंड' म्हणजे ताणून बाहेर नेणं. 'टेंट' म्हणजे ताणून बांधलेलं कापड. ग्रीकमार्गे आलेला 'टोन' म्हणजे ताणलेल्या तारेचा स्वर. आणि तळातल्या थरातला 'थिन' म्हणजे ताणून बारीक झालेला. संस्कृतातला 'तनु' म्हणजेही बारीक, आणि तो 'थिन'चा सख्खा भाऊ.

इथे 'त'चा 'थ' का झाला, असं विचाराल. त्याला नियम आहे. विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून निघाल्या असाव्यात असं म्हटलं. पुढे 1822 साली याकोब ग्रिम यांनी जर्मन कुळातल्या भाषांत व्यंजनं कशी नियमाने सरकली ते मांडलं. इंग्रजी त्याच कुळातली. संस्कृतातल्या 'प'च्या जागी इंग्रजीच्या तळच्या थरात 'फ' येतो: पितृ आणि फादर, पद आणि फूट. 'त'चा 'थ' होतो: त्रि आणि थ्री. 'द'चा 'ट' होतो: दंत आणि टूथ, द्वि आणि टू. 'भ'चा 'ब' होतो: भ्रातृ आणि ब्रदर. आपल्या 'ज' किंवा 'ज्ञ'च्या जागी 'के' मिळतो: जानु आणि नी (गुडघा), ज्ञा आणि नो (जाणणे). ते मुकं 'के' तिथे उगाच बसलेलं नाही, हे यावरून दिसतं. 'नाइट'मधलं मुकं 'जीएच' म्हणजे संस्कृत 'नक्त'मधल्या 'क'ची राहिलेली खूण.

एवढे पाच-सहा बदल वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ते फक्त तळातल्या शब्दांना लागू आहेत. लॅटिनमधून आलेल्या शब्दांत जुनी व्यंजनं तशीच सापडतात, म्हणून 'फूट'शेजारी 'पेडल' आणि 'टूथ'शेजारी 'डेंटिस्ट' दिसतो.

चौथी पायरी: कोशातली नोंद वाचायला शिका

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश या कामासाठीच रचलेला आहे. त्याचा पहिला भाग 1884 साली निघाला आणि काम पुरं व्हायला 1928 साल उजाडलं. प्रत्येक शब्दाचे अर्थ तो काळाच्या क्रमाने लावतो, वापरातली वाक्यं देतो. तो सशुल्क आहे, पण बऱ्याच ग्रंथालयांत मिळतो. फुकटात काम भागवायचं तर ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी आणि मेरियम-वेबस्टर पुरेसे आहेत. मराठीची बाजू पाहायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हाताशी ठेवा. 1857 ची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर शोधता येते, आणि त्यात आज बोलण्यातून गेलेले अर्थ ढिगाने आहेत.

नोंद वाचताना तीन गोष्टी पाहा. शब्दाआधी छोटी चांदणी असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेवरून बांधलेलं आहे. 'कॉग्नेट' असं लिहिलं असेल तर ते शब्द भावंडं आहेत, एकातून दुसरा निघालेला नाही. संस्कृत 'पितृ'मधून 'फादर' आला असं म्हणणं म्हणूनच चूक आहे. आणि साल दिलं असेल तर ते लिखित वापराचं सापडलेलं सर्वांत जुनं साल असतं. शब्द त्याआधी तोंडी फिरत असणारच.

पाचवी पायरी: चित्र पकडा

हे खरं काम, आणि इथे घाई करू नका.

'मेटाफर' हा शब्दच आधी सुटा करा. ग्रीक 'मेटा' म्हणजे पलीकडे, 'फेरेन' म्हणजे वाहून नेणं. एका जागचं नाव उचलून दुसऱ्या जागी नेणं. हे 'फेर' म्हणजे संस्कृत 'भृ', भार वाहणारा तोच धातू. आजच्या ग्रीसमध्ये सामान वाहणाऱ्या ट्रकांवर 'मेताफोरेस' असं लिहिलेलं असतं, आणि तिथे कुणाला त्यात काव्य दिसत नाही.

रूपक सुटं करायला आपल्याकडे तयार हत्यार आहे: उपमेय आणि उपमान. ज्याच्याविषयी बोलायचं ते उपमेय, ज्याचं चित्र उसनं घेतलं ते उपमान. इंग्रजी समीक्षेत आय. ए. रिचर्ड्स यांनी 1936 साली याच दोन बाजूंना 'टेनर' आणि 'व्हेइकल' अशी नावं दिली. म्हणून शब्द हाती आला की दोन ओळी लिहा: कशाविषयी बोलतोय? चित्र कशाचं आहे?

'विंडो' घेऊ. हा व्हायकिंगांचा शब्द: 'विंद' म्हणजे वारा, 'आउगा' म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा. घराला डोळा कल्पिला आणि त्यातून वारा येतो म्हटलं. त्याआधी जुन्या इंग्रजीत खिडकीला जो शब्द होता त्याचा अर्थ डोळ्याचं भोक असा होता. त्यातलं 'भोक' आजच्या 'नॉस्ट्रिल'मध्ये, नाकपुडीत, शिल्लक आहे. आता संस्कृतातून मराठीत आलेले दोन शब्द आठवा. 'गवाक्ष' म्हणजे गाईचा डोळा. 'वातायन' म्हणजे वाऱ्याची वाट. डोळा एका शब्दात, वारा दुसऱ्यात, आणि विंडोमध्ये दोन्ही. भिंतीत भोक पाडणाऱ्या वेगवेगळ्या माणसांना एकच गोष्ट दिसली.

'ट्रिव्हियल' म्हणजे क्षुल्लक. मूळ लॅटिन 'त्रि' आणि 'विया': तीन वाटा मिळतात ती जागा. मराठीत त्या जागेला तिठा म्हणतात. तिठ्यावर सगळे भेटतात, काहीही बोलतात, म्हणून तिथलं ते सर्वसामान्य, किरकोळ. आपण एक वाट वाढवली आणि चव्हाटा केला. घरची गोष्ट चव्हाट्यावर आणली म्हणतो तेव्हा चार वाटांचं चित्र तिथे उभंच असतं, पण अर्थ वेगळ्या दिशेला गेला. इंग्रजीने गर्दीतला सामान्यपणा घेतला, मराठीने गर्दीतली उघड बेअब्रू घेतली. असा फरक सापडला की तो वहीत ठळक लिहा, कारण भाषांतर करताना नेमका तिथेच पाय घसरतो.

शेतातून आलेली रूपकं मला सर्वांत आवडतात. 'ब्रॉडकास्ट' म्हणजे मुळात मुठीने बी फोकून पेरणं. रेडिओ आल्यावर 1920 च्या दशकात तोच शब्द लहरींना दिला गेला, कारण बी कुठे पडेल, कुणाच्या कानात रुजेल, हे फेकणाऱ्याला ठाऊक नसतं. 'डिलिरियम' म्हणजे तापातली बडबड, भ्रम. लॅटिन 'लीरा' म्हणजे नांगराचं तास. तास सोडून नांगर भलतीकडे गेला की तो 'डिलिरियम'. आपल्याकडे गाडीच्या चाकांनी पडलेल्या चाकोरीचं असंच झालं, फक्त चाकोरीबाहेर जाणं आपण आजारात न काढता कौतुकात काढलं.

काही चित्रं भटकंतीत चटकन दिसतात, त्यांवर फार वेळ लागत नाही. 'मसल' म्हणजे छोटा उंदीर, कातडीखाली सळसळणारा. 'डिझास्टर' म्हणजे वाईट तारा. ग्रह फिरले म्हणणाऱ्यांना तो समजावून सांगायला नको. 'सार्कॅझम' म्हणजे मांस फाडणं. बोलून लचके तोडणं आपल्यालाही माहीत आहे.

सहावी पायरी: अर्थ कुठून कुठे गेला ते पाहा

मूळ सापडलं म्हणजे अर्थ सापडला असं नाही. ही चूक मी स्वतः खूप केली. 'नाइस' हा शब्द लॅटिन 'नेस्कियुस' म्हणजे अडाणी यातून आला. मग तो मूर्ख, मग नखरेल, मग नाजूक, मग बारकाव्याचा, आणि शेवटी छान, असा फिरत आला. कुणाला 'नाइस' म्हटल्यावर त्याला मुळात अडाणी म्हटलंय असं सांगत सुटणं हे ज्ञान नाही. 'सिली' उलट्या वाटेने गेला: धन्य, मग बापुडवाणा, मग मूर्ख.

अर्थ आक्रसतोही. 'डिअर' म्हणजे जुन्या इंग्रजीत कुठलाही प्राणी. आज फक्त हरीण. आपल्या 'मृग' शब्दाचं अगदी हेच झालं. संस्कृतात मृग म्हणजे कुठलंही रानटी जनावर, म्हणूनच सिंह मृगेंद्र आणि शिकार मृगया. मराठीत तो हरणापुरता आणि नक्षत्रापुरता उरला. एकमेकांपासून इतक्या लांब वाढलेल्या दोन भाषांनी एकाच प्राण्यावर बोट ठेवावं, याचं मला आजही नवल वाटतं.

या बाबतीत आपल्या काव्यशास्त्राने फार पूर्वी नेमकं बोट ठेवलं आहे. मम्मटाने अकराव्या शतकात रूढीने आलेल्या लक्षणेचं (म्हणजे मुख्य अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेण्याचं) उदाहरण म्हणून 'कुशल' हा शब्द दिला: मुळात कुश नावाचं धारदार गवत हात न कापता खुडणारा, त्यावरून कोणत्याही कामात निपुण. चौदाव्या शतकात विश्वनाथाने त्याला हरकत घेतली. शब्दाच्या व्युत्पत्तीचं निमित्त एक आणि वापराचं निमित्त दुसरं, असं त्याचं म्हणणं. व्युत्पत्तीतला अर्थ हाच मुख्य अर्थ धरला, तर 'गो' हा शब्द जाणे या धातूपासून साधतात, मग 'गाय झोपली आहे' या साध्या वाक्यातही लक्षणा मानावी लागेल! इंग्रजीत या चुकीला आज 'एटिमॉलॉजिकल फॅलसी' म्हणतात. मी वहीत दोन रकाने करते, एकात व्युत्पत्तीचं निमित्त, दुसऱ्यात वापराचं. ते एकमेकांत मिसळू देत नाही.

सातवी पायरी: गोष्ट फार गोड असेल तर थांबा

'सिन्सिअर' म्हणजे 'मेण नसलेला', कारण म्हणे शिल्पकार मूर्तीच्या भेगा मेणाने बुजवत. ही गोष्ट भाषणांत सर्रास ऐकू येते आणि तिला आधार नाही. लॅटिन 'सिंकेरुस' म्हणजे निर्भेळ, शुद्ध, एवढंच. 'सॅलरी'चं नातं लॅटिनमधल्या मिठाशी खरं आहे, पण रोमन सैनिकांना पगार मिठाच्या रूपात मिळे याला प्राचीन पुरावा नाही. 'पॉश' हा शब्द बोटीच्या तिकिटावरच्या चार आद्याक्षरांतून आला, हीही कल्पितकथाच. एक साधा नियम बाळगा: जुना शब्द आद्याक्षरांतून झाला असं कुणी सांगितलं तर बहुतेक वेळा ते खोटं असतं, कारण तशी शब्द बनवण्याची पद्धत विसाव्या शतकात रुळली.

सारखेपणाही फसवतो. 'नाइटमेअर'मधली 'मेअर' ही घोडी नाही. जुन्या इंग्रजीत झोपलेल्याच्या छातीवर येऊन बसणाऱ्या दुष्ट शक्तीला तो शब्द होता. फारसीतून आपल्याकडे आलेला 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक, उच्चार जवळपास एक, आणि नातं काहीही नाही. संस्कृत 'देव' आणि लॅटिन 'देउस' भावंडं आहेत, पण त्यांच्यासारखाच दिसणारा ग्रीक 'थेऑस' परका आहे. संस्कृतशी जुळणारं काही दिसलं की आपल्याला आनंदाचं भरतं येतं. त्या वेळी कोश उघडणं सर्वांत गरजेचं.

याउलट, कधीकधी विचित्र गोष्ट खरी निघते. 'डेडलाइन' ही मुळात खरोखरची रेघ होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 साली, अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती, आणि ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घातली जाई. पुढे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत हा शब्द मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी आला.

आठवी पायरी: एका शब्दावरून अख्ख्या वाक्याकडे

आतापर्यंत शब्दांच्या आत गाडली गेलेली रूपकं पाहिली. जिवंत भाषेत ती झुंडीने राहतात. 1980 साली जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोघांनी दाखवून दिलं, की इंग्रजी माणूस वादाविषयी बोलताना सतत युद्धाचे शब्द वापरतो: मुद्द्यावर हल्ला करतो, बचाव करतो, समोरच्याचा मुद्दा गोळी घालून पाडतो. मराठीतही वाद जिंकतात आणि हरतात, पण आपला मुद्दा आपण मांडतो, आणि दुसऱ्याचा खोडतो. तिथे पाटीवर लिहिणं-पुसणं चाललेलं दिसतं. उलट मराठीत भोगणं म्हणजे खाणं असतं: मार खातो, शिव्या खातो, खस्ता खातो, हाय खातो. ही झुंड इंग्रजीत तशीच्या तशी नेता येत नाही.

वाचताना एकाच क्षेत्रातले तीन-चार शब्द एका परिच्छेदात दिसले की खाली रेघ मारा. वेळेबद्दल बोलताना 'स्पेंड', 'सेव्ह', 'वेस्ट', 'इन्व्हेस्ट' आले तर लेखक वेळेला पैसा समजतो आहे, भले त्याच्या ते ध्यानात नसो.

रूपक जिवंत आहे की मेलेलं, हे कसं ओळखायचं? त्याला पुढे चालवून पाहा. टेबलाच्या पायाला 'लेग' म्हणताना कुणाला पाय दिसत नाही. पण टेबल लंगडतंय असं कुणी लिहिलं, की तो पाय पुन्हा जिवंत होतो. चित्र मेलेलं असेल तर भाषांतरात फक्त अर्थ आणा. जिवंत असेल तर मराठीतलं जिवंत चित्र शोधा, ते वेगळं असलं तरी चालेल.

एक शब्द शेवटपर्यंत

'प्रेसिपिटेट' या शब्दाने मला फार छळलं. रसायनात तो द्रावणातून तळाशी बसणारा पदार्थ, हवामानात 'प्रेसिपिटेशन' म्हणजे पाऊस-बर्फ, राजकारणाच्या बातमीत संकट ओढवणं, आणि विशेषण म्हणून उतावळा. शिवाय 'प्रेसिपिस' म्हणजे कडा. पाच ठिकाणी पाच अर्थ.

लांब, सांधलेला, म्हणजे लॅटिन थर. सांधे सोडले: 'प्राए' म्हणजे पुढे, 'कापुट' म्हणजे डोकं. डोकं पुढे करून, डोक्यावर पडणं. आता पाचही जागी चित्र लावा. कड्यावरून माणूस डोक्यावर पडतो. आभाळातून पाऊस पडतो. द्रावणातून कण खाली पडतात. उतावळा माणूस विचार मागे ठेवून डोकं पुढे घालतो. संकट एकाएकी अंगावर पडतं. मग मराठीकडे वळले तर एकच क्रियापद समोर आलं: कोसळणं. कडा कोसळतो, पाऊस कोसळतो, संकट कोसळतं. आणि रसायनशास्त्राच्या मराठी पुस्तकात या पदार्थाला 'अवक्षेप' म्हणतात, म्हणजे खाली फेकलेलं.

त्याच 'कापुट'मधून कॅप्टन, कॅपिटल, चॅप्टर, चीफ निघाले. दंडाचा 'बायसेप्स' म्हणजे दोन डोक्यांचा. आणि तळातल्या थरातला 'हेड' हाही 'कापुट'चाच भाऊ: 'क'चा 'ह' होतो हा ग्रिमच्या यादीतलाच बदल. शत आणि लॅटिन 'केंतुम' यांच्यासमोर इंग्रजीत 'हंड्रेड' उभा राहतो तो त्याच कारणाने.

वही

एका शब्दाला एक पान द्या. वर वाक्य, खाली आपला अंदाज, मग थर, सांधे, चित्र, अर्थाचा प्रवास, आणि सर्वांत खाली मराठीतलं जुळणारं किंवा न जुळणारं चित्र. आठवड्याला तीन शब्द पुरेत. रोज दहा करायला गेलात तर महिनाभरात वही बंद पडेल.

सुरुवातीला पाण्याचे चार शब्द घ्या: 'रिव्हर', 'अराइव्ह', 'रायव्हल', 'डिराइव्ह'. चौघे एकाच घरचे दिसतात, पण घरं दोन आहेत. 'रिव्हर' आणि 'अराइव्ह' हे लॅटिन 'रीपा' म्हणजे काठ यातून आले, म्हणून पोचणं म्हणजे तीराला लागणं. 'रायव्हल' आणि 'डिराइव्ह' हे 'रीवुस' म्हणजे ओढा यातून. एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे ते रायव्हल, आणि त्यांचं भांडण कशावरून होतं ते सांगायला नको. 'डिराइव्ह' म्हणजे ओढ्याला पाट काढून पाणी आपल्या शेतात आणणं, आणि कोशात एक शब्द दुसऱ्यातून निघाला असं सांगायचं असतं तेव्हा हाच शब्द वापरतात.